२०२४ चे तुमचे आवडते मेटल अल्बम कुठले? सुटी गाणी नकोत, अख्खे अल्बम सांगा

गडद_निळा (पुणे)

नमस्कार मंडळी. वर्ष संपत आलंय आणि सगळीकडे याद्या सुरू झाल्यात, टॉप पन्नास, टॉप शंभर, आणि त्या वाचताना मला दरवेळी प्रश्न पडतो की यातले किती अल्बम लिहिणाऱ्यांनी खरंच पहिल्या सेकंदापासून शेवटापर्यंत ऐकलेत. म्हणून इथे विचारतोय. अट एकच, जो अल्बम तुम्ही मधलं एकही गाणं न उडवता सलग ऐकलात आणि संपल्यावर परत लावावासा वाटला तोच सांगायचा. एक असेल तर एक, सात असतील तर सात. ब्लॅक, डेथ, डूम, थ्रॅश, मेटलचा कुठलाही प्रकार चालेल. फक्त नाव टाकून पळू नका, का आवडला ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो.

ब्लड इन्कँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'. माझ्यासाठी यावर्षी याच्यावर काहीच नाही. डेन्व्हरची चार पोरं, पूर्ण अल्बममध्ये दोनच गाणी, 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज', प्रत्येक वीस मिनिटांच्या वर आणि प्रत्येकाचे तीन भाग. सुरुवातीला डेथ मेटल असा अंगावर येतो की वाटतं आता हेच चालणार, आणि त्याच भागात अचानक सगळं शांत होऊन सत्तरच्या दशकातला प्रोग रॉक सुरू होतो, गिटार एकदम हलकी, बास आरामात फिरतोय, आणि तुम्ही त्यात जरा सैलावताय तोवर परत ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा सुसाट मारा. हे असं जोडणं फार लोक करतात पण बहुतेकांचे सांधे दिसतात, इथे मला एकही सांधा दिसला नाही. 'द स्टारगेट'च्या दुसऱ्या भागात टँजरीन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग सिंथवर आहे, आणि रेकॉर्डिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत केलंय, जिथे टँजरीन ड्रीमनेही पूर्वी काम केलं होतं. म्हणजे ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्यातल्याच एकाला सोबत घेऊन वाजवलंय. २०२२ ला यांनी 'टाइमवेव्ह झीरो' नावाचा नुसता अँबियंट अल्बम काढला तेव्हा बरेच लोक वैतागले होते, ड्रम कुठे, किंकाळ्या कुठे म्हणून. आता हा ऐकल्यावर कळतं की तिथे जे शिकले ते सगळं इथे वापरलंय.

दुसरा जुडास प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड'. मार्चमध्ये आला, तेव्हा रॉब हॅलफर्ड ७२ वर्षांचा होता आणि 'पॅनिक अटॅक'मध्ये शेवटी शेवटी जो आवाज लावलाय ना, त्यावर मी काय बोलू.

तिसरा स्वीडनच्या ओपेथचा 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'. ग्रोल, म्हणजे घशातून काढलेला तो गुरगुरता आवाज, परत आले एवढंच सगळे बोलतायत पण त्यापेक्षा खूप जास्त आहे त्यात. लिहितो नंतर, आधी तुमचं ऐकूद्या.

आयर्न मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन, त्याचा 'द मँड्रेक प्रोजेक्ट' पण सलग ऐकला, आवडला, पण परत लावावासा वाटला तो फक्त अर्धा, म्हणून माझ्याच अटीत बसत नाही.

ठाणेकर_जुना

प्रीस्टला दोन ओळीत उरकलंत हे काही बरोबर नाही. माझ्याकडून सविस्तर घ्या.

आम्ही लोक मुंबईत रंगभवनला आय-रॉक हा रॉक महोत्सव बघत मोठे झालो, तेव्हा प्रीस्टच्या कॅसेट एकमेकांकडून कॉपी करून घ्यायच्या, कव्हरची झेरॉक्स काढून आत घालायची. त्या बँडचा पहिला अल्बम 'रॉका रोला' १९७४ चा. म्हणजे २०२४ ला बरोबर ५० वर्षं झाली. पन्नास वर्षांनी लोक जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करत फिरतात, नवीन काही काढलंच तर चाहते मन मोठं करून ऐकून घेतात. 'इन्व्हिन्सिबल शील्ड' ऐकताना मन मोठं करायची गरजच पडत नाही, हा मुद्दा आहे. एखाद्या पंचविशीतल्या बँडने हा अल्बम काढला असता तरी आपण त्यांना डोक्यावर घेतलं असतं.

आणि त्यामागे काय काय आहे ते बघा. त्यांचा जुना गिटारवाला ग्लेन टिप्टन, त्याला पार्किन्सन्स आहे, २०१८ ला 'फायरपॉवर'च्या वेळी त्याने जाहीर केलं आणि पूर्ण दौरा करणं थांबवलं. तरी ह्या अल्बमच्या गाण्यांच्या लेखनात तो आहे. दुसरा गिटारवाला रिची फॉकनर २०२१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लुईव्हिलला स्टेजवर 'पेनकिलर' वाजवत असताना त्याची महाधमनी फाटली. स्टेजवर. गाणं पूर्ण केलं त्याने आणि मग हॉस्पिटलात नेलं, बरेच तास ऑपरेशन चाललं. त्यानंतर त्याच माणसाने हे सोलो वाजवलेत. टायटल ट्रॅकमधला गिटारचा भाग ऐका, मग 'अ‍ॅज गॉड इज माय विटनेस' ऐका आणि सांगा यात कुठे जपून वाजवल्यासारखं वाटतंय का.

माझं सगळ्यात आवडतं मात्र 'क्राउन ऑफ हॉर्न्स'. वेग नाही, दंगा नाही, मधल्या लयीतलं गाणं आहे, आणि हॅलफर्ड त्यात ओरडत नाही, गातो. त्याचा खालचा आवाज किती भरीव आहे हे लोक विसरतात कारण सगळ्यांना किंकाळ्याच लक्षात राहतात. ह्याच गाण्याला ग्रॅमीचं नॉमिनेशनही मिळालं. शेवटचं 'जायंट्स इन द स्काय' डिओ आणि लेमी या दिवंगत गायकांच्या आठवणीसाठी आहे, ते मी गाडी चालवताना ऐकत नाही, घरी बसूनच ऐकतो.

डिकिन्सनबद्दल थोडं भांडतो. १९ वर्षांनी सोलो अल्बम आलाय, रॉय झी बरोबर, आणि शेवटचं 'सोनाटा' दहा मिनिटांचं आहे, त्यात तो जे गायलाय ते मेडनमध्ये त्याला कधी गाता येणार नाही कारण तिथे तीन गिटार सतत वाजत असतात. २००८ ला फेब्रुवारीत बीकेसीला मेडन आले होते तेव्हा मी होतो, तो माणूस स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गात होता. 'सोनाटा'त तोच माणूस एका जागी उभा राहून हळू बोलतोय असं वाटतं. परत एकदा ऐका हो, पूर्ण.

मिरजेचा_ठोका

मी ड्रम वाजवतो त्यामुळं माझं उत्तर कुणाला एकतर्फी वाटलं तर वाटूद्या. अल्सरेट, 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड'. न्यूझीलंडचे आहेत, ऑकलंड, तिघंच जण. जेमी सेंट मेराट नावाचा ड्रमर आहे, रेकॉर्डिंग मिक्सिंग पण तोच बघतो आणि कव्हरची चित्रं पण त्याचीच.

राव हा माणूस काय वाजवतो ते एकदा नीट कान देऊन ऐका. बाकीचे एक्स्ट्रीम मेटलवाले ड्रमर म्हणजे किती वेगात पाय चालतात त्यावर मोजले जातात, मशीनसारखं एका सुरात, प्रत्येक ठोका तेवढाच मोठा कारण स्टुडिओत सगळं सपाट करून टाकतात. ह्याचा स्नेअर ऐकला की कळतं हात वर किती गेलाय. ब्लास्ट बीट चालू असताना सुद्धा मधी मधी हलके ठोके टाकतो, सिंबल बदलतो, राइडच्या बेलवर एखादाच टण्ण करून सोडतो आणि त्या एका ठोक्यानं पूर्ण रिफ दुसरीकडं वळल्यासारखी वाटते. मी गणपतीत ताशा वाजवलाय बरीच वर्षं, तिथं पण जोरात वाजवणारे खंडीभर असतात, पण दाबून वाजवता येणारा पथकात एखादाच. हा तसला हाय.

गाणी सात आहेत आणि जवळजवळ तासाभराचा अल्बम आहे. पहिल्यांदा ऐकताना सगळं एकसारखंच वाटेल, वाटूद्या. सोडू नका. याआधीचा 'स्टेअर इंटू डेथ अँड बी स्टिल' २०२० चा, त्यात चाली जरा वर यायला लागल्या होत्या, ह्यात गिटारच्या चाली अजून उघड्या झाल्यात, पहिल्याच गाण्याची सुरुवात ऐका, एकदम उदास आणि स्वच्छ. मोठ्या स्पीकरवर नाहीतर बऱ्या हेडफोनवर ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून कृपा करून मत देऊ नका.

रेवा_किनारा (रत्नागिरी)

माझा एकच आहे आणि तो इथे कुणी लिहिलेला दिसत नाही. हॅमफेर्ड नावाचा फेरो बेटांवरचा बँड, अल्बमचं नाव 'मेन गुड्स होन्ड एर स्टेर्क'. उच्चार माझ्या अंदाजाने लिहिलेत. मार्चमध्ये आला. डूम मेटल आहे, संथ, जड, आणि सगळं फेरोईज भाषेत.

हा अल्बम एका खऱ्या घटनेवर आहे. १९१५ मध्ये सांडविक नावाच्या गावाजवळ व्हेलच्या शिकारीला गेलेल्या होड्या बुडाल्या आणि १४ माणसं गेली. लांब समुद्रात नाही, किनाऱ्याजवळ, गावातल्या लोकांच्या डोळ्यांसमोर. मी हे आधी वाचलं नव्हतं, नुसता अल्बम लावला होता, आणि एक शब्द कळत नसताना सुद्धा मला समुद्र कळला. म्हणजे लाटांचे आवाज घातलेत वगैरे म्हणून नाही. गाण्यांची रचनाच तशी आहे, काहीतरी मोठं हळूहळू वर येतंय, थांबतंय, आणि मग सगळं एकदम कोसळतं. नंतर शोधून वाचलं तेव्हा हात थंड पडले.

आमच्याकडे बंदरावरच्या घरांमध्ये अशा गोष्टी असतात, न आलेल्या होडीच्या. पावसाळा तोंडावर असताना कुणीतरी शेवटची फेरी म्हणून जातं. त्या गोष्टी मोठ्या आवाजात कुणी सांगत नाही. ह्या लोकांनी आपल्या गावची तसली गोष्ट शंभर वर्षांनी घेतली आणि तिचा मान राखून सांगितली, त्यात रक्त, कवट्या, थरार काही नाही. यॉन अल्डारा गातो, त्याचा स्वच्छ आवाज चर्चमध्ये गाणाऱ्या माणसासारखा आहे आणि त्याच गळ्यातून जेव्हा ग्रोल येतो तेव्हा तो राग वाटत नाही, दुःखाचाच खालचा थर वाटतो. हाच माणूस आयोटुन नावाच्या डॅनिश बँडमध्ये पण गातो, त्यांचा 'किनशिप' सुद्धा यावर्षीच आलाय, तो जास्त मोकळा, जास्त वर जाणारा आहे. दोन्ही ऐका पण आधी हॅमफेर्ड.

आणि एक मनापासून वाटतं ते लिहिते. पन्नासेक हजार लोकवस्तीची बेटं, त्यांच्या भाषेत कुणी मेटल करतं आणि जगभर ऐकलं जातं. आपण कोटींमध्ये आहोत. मराठीत असा एक अल्बम मला माझ्या हयातीत ऐकायचाय, कोकणातल्या एखाद्या बंदराचा, घाटातल्या एखाद्या वाडीचा. कुणी करत असेल तर मला कळवा, मी पैसे देऊन विकत घेईन.

मिरजेचा_ठोका

रेवाताई आत्ता लावला. तिसऱ्या गाण्यावर आहे. जबरदस्त. ड्रम काहीच करत नाही आणि तेच बरोबर आहे.

दिवाणी_दावा (सातारा)

ओपेथवर लिहायचं राहिलंय म्हणून मी लिहितो, कारण माझा विषय आहे. मी वकिली करतो आणि माझी निम्मी कामं वाटपाची, म्हणजे भावाभावांची, बहिणींच्या हिश्शाची, आणि मृत्युपत्राची. आता विचार करा की मला आवडणाऱ्या बँडने मृत्युपत्राच्या वाचनावर अख्खा अल्बम काढला तर माझं काय झालं असेल.

गाण्यांना नावंच नाहीत. कलम १, कलम २ असं कलम ७ पर्यंत, दस्तात असतात तशी चिन्हं, आणि फक्त शेवटच्या गाण्याला नाव आहे, 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, एक श्रीमंत म्हातारा गेलाय, आणि त्याची तीन मुलं वाड्यात जमलीत मृत्युपत्र ऐकायला. दोन जुळी, आणि एक पोलिओ झालेली मुलगी जी त्या घरात का वाढली हेच इतरांना नीट माहीत नाही. मग एकेक कलम वाचलं जातं आणि म्हातारा मेल्यावर सगळी घाण बाहेर काढतो. जुळी त्याच्या रक्ताची नाहीत, त्यांना काही मिळणार नाही, सगळं त्या मुलीला. आणि शेवटच्या गाण्यात एक पत्र येतं ज्याने हाही निकाल फिरतो, ते मी सांगत नाही, ऐका.

आता ग्रोलबद्दल. २००८ च्या 'वॉटरशेड' नंतर मिकाएल ऑकरफेल्डने स्टुडिओ अल्बममध्ये ग्रोल केलेच नव्हते, 'हेरिटेज' पासून 'इन कॉडा वेनेनम' पर्यंत चार अल्बम तसेच गेले आणि चाहते दरवेळी तक्रार करायचे. २०१९ ला पुण्यात वीकेंडर या संगीत महोत्सवाला ओपेथ आले तेव्हा जुन्या गाण्यांत ग्रोल आले की गर्दी कशी पेटायची हे तिथे असलेल्यांना आठवत असेल. पण ह्या अल्बममध्ये ते ग्रोल चाहत्यांना खूश करायला आणलेत असं मला वाटत नाही. त्या म्हाताऱ्याला तोच आवाज हवा होता. मेलेला माणूस कागदातून बोलतोय, हुकूम सोडतोय, कुणी उलट बोलू शकत नाही. मी कोर्टाच्या कामात अशी मृत्युपत्रं वाचलीत ज्यात बापाने मुलाला चार ओळींत संपवलंय, भाषा अगदी साधी, "त्याचा माझ्या मिळकतीशी काही संबंध राहणार नाही" एवढीच, आणि समोर बसलेला चाळिशीतला माणूस खाली बघायला लागतो. त्या ओळींना आवाज असता तर हाच असता.

जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडचे इयन अँडरसन मधे मधे निवेदन करतात आणि कलम ४ मध्ये त्यांची बासरी आहे, तो भाग परत परत ऐकण्यासारखा. नवीन ड्रमर वाल्टेरी वायरिनेन, ओपेथबरोबर त्याचा हा पहिलाच अल्बम, त्याच्याबद्दल मिरजकरांनी लिहावं, मला त्यातलं कळत नाही पण गाणी एवढी वळणं घेतात आणि तो कुठे घाई करत नाही एवढं जाणवतं.

एक उणीव आहे. वाद्यांची गर्दी इतकी आहे की पहिल्या ऐकण्यात गोष्ट हातातून निसटते. गाण्याचे शब्द समोर ठेवूनच ऐका.

आद्या_गडबड (नाशिक)

सगळे काका लोक भेटले इथे 😄 सगळ्यांच्या याद्या भारी आहेत, खरंच, हॅमफेर्ड सेव्ह करून ठेवलाय. पण नॉक्ड लूझ कुणीच लिहिला नाही म्हणून मी लिहितो.

'यू वोन्ट गो बिफोर यू आर सपोज्ड टू'. केंटकीचे आहेत. दहा गाणी, २७ मिनिटं, संपला. तुमच्या अटीत सगळ्यात सोपा बसतो कारण मधलं गाणं उडवायला हात मोबाईलपर्यंत जाईपर्यंत ते गाणं संपलेलं असतं. आणि लोक म्हणतात की हे मेटल नाही हार्डकोर आहे, पोरासोरांचं आहे, नुसते ब्रेकडाऊन आहेत, म्हणजे लय एकदम खाली आणून जड वाजवलेले तुकडे. भावांनो ब्रेकडाऊन लिहिणं म्हणजे काय सोपं काम आहे का? 'सफोकेट' ऐका, पॉपी नावाची गायिका आहे त्यात, दोघं एकमेकांच्या अंगावर ओरडतायत, आणि शेवटी सगळं हळू होताना त्याखाली जो ताल येतो तो रेगेटोनचा आहे, लॅटिन अमेरिकेतला सरळ नाचायचा ताल, आणि तो एवढा जड करून वाजवलाय की अंगावर काटा येतो. हे सुचायला डोकं लागतं. नोव्हेंबरमध्ये हे गाणं अमेरिकेच्या टीव्हीवर, जिमी किमेलच्या शोमध्ये लाइव्ह वाजवलं, तिथले आजीआजोबा हादरले असतील पण माझ्या कॉलेजमधले ज्यांनी मेटल कधी ऐकलं नव्हतं त्यांनी ती क्लिप बघून मला मेसेज केले.

आणि नावाची गोष्ट. गायक ब्रायन गॅरिसला विमानात बसायची भीती वाटते, शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईने त्याला धीर द्यायला हे वाक्य म्हटलं होतं, तेच अल्बमचं नाव झालं. मला पण रात्रीची भीती वाटण्याचा त्रास आहे, छाती भरून येते, आणि ते वाक्य मला खूप वेळा उपयोगी पडलंय. २७ मिनिटं कुणीतरी माझ्यापेक्षा जोरात घाबरतंय आणि ओरडतंय, आणि ते संपल्यावर मला मोकळं वाटतं. हे मला दहा मिनिटांच्या गाण्यांनी होत नाही. प्रत्येकाचं वेगळं असेल.

गडद_निळा (पुणे)

आद्या, मस्त लिहिलंस. लगेच ऐकला, ऑफिसमधून घरी येईपर्यंत पूर्ण झाला. माझी आवड वेगळी आहे पण 'सफोकेट'चा शेवट तू म्हणतोस तसाच आहे, आणि एक गोष्ट पटली की ह्यात एक सेकंद वाया घालवलेला नाही. माझ्या अटीत हा शंभर टक्के बसतो, आणि लांब अल्बम म्हणजेच गंभीर अल्बम असं जर माझ्या प्रश्नातून कुणाला वाटलं असेल तर तसं अजिबात नाही. स्लेयरचा 'रेन इन ब्लड' २९ मिनिटांचा आहे आणि त्याच्याइतका सलग ऐकण्याचा अल्बम मेटलमध्ये दुसरा सापडणं अवघड.

त्यावरून आठवलं, स्लेयरचा गिटारवाला केरी किंग, त्याचा 'फ्रॉम हेल आय राइज' कुणी पूर्ण ऐकला का? डेथ एंजल बँडचा मार्क ओसेगुएडा गायलाय, ड्रमवर पॉल बोस्टाफ. मला ओसेगुएडाचा आवाज आवडला, गाणी मात्र स्लेयरच्या शेवटच्या दोन अल्बममधून उरलेली वाटली.

नागपुरी_गिटार

केरी किंग ऐकला भाऊ, तुमच्याशी सहमत, दोनदा नाही लावला.

मी आपल्या देशातला एक सांगतो कारण आत्तापर्यंत डेन्व्हर झालं, स्वीडन झालं, फेरो बेटं पण झाली. बंगळुरूचे क्रिप्टॉस, 'डेसिमेटर'. हे लोक १९९८ पासून वाजवून राहिले, आपल्याकडे मेटल वाजवून पोट भरत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, नोकऱ्या सांभाळून, युरोपात दौरे करून पंचवीस वर्षं टिकायचं म्हणजे काय असतं ते बँड चालवून पाहिलेल्यालाच कळते. संगीत कसं आहे तर ऐंशीच्या दशकातलं सरळ हेवी मेटल, दोन गिटार एकमेकांना धरून चाललेल्या, चाली गुणगुणता येतील अशा, आणि त्यावर आवाज मात्र खरखरीत, थ्रॅशवाला. नवीन काही शोधल्याचा आव नाही. प्रॉडक्शन असं की जर्मनीतल्या बँडचं आहे म्हणून कुणाला ऐकवलं तर तो मान डोलवेल, आणि मग सांगायचं बंगळुरूचे आहेत. मी तसं दोघांना केलं, दोघांनी लगेच नाव लिहून घेतलं.

मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा 'दशावतार' २०१७ चा, दहा अवतारांवर अल्बम, तो अजून ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी ऐका. रेवाताई, भाषा इंग्रजी आहे पण आपल्या मातीतली गोष्ट मेटलमध्ये कशी बसते ते त्यात दिसते. तुम्ही म्हणता तसा मराठी अल्बम कुणी करत असेल तर गिटार वाजवायला मी तयार आहे, हे गमतीत नाही म्हणत.

मिरजेचा_ठोका

ड्रम माझे. मेसेज करतो तुम्हाला.

रेवा_किनारा (रत्नागिरी)

मग गोष्टी आणि शब्द मी गोळा करायला लागते. माझ्याकडे दोन म्हातारे आहेत ज्यांना विचारता येईल, पण आधी त्यांच्या घरच्यांची परवानगी घेईन. ज्यांची माणसं गेलीत त्यांना न विचारता नको.

अनामिक_वाचक

मी इथे नवीन आहे. जुलैमध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनाला गोजिरा नावाचा फ्रेंच मेटल बँड वाजवत होता ते टीव्हीवर बघितलं, त्या जुन्या इमारतीच्या खिडक्यांमध्ये उभे राहून, शिर नसलेल्या राण्या, आगीचे लोळ, बाजूला ऑपेरा गाणारी बाई, आणि तेव्हापासून डोक्यात ते गेलेलंच नाही. त्याआधी मी मेटल कधीच ऐकलं नव्हतं, घरी नाट्यसंगीत आणि जुनी हिंदी गाणी. तुम्ही सगळ्यांनी एवढं मन लावून लिहिलंय की ऐकावंसं वाटतंय पण ते ग्रोल सुरू झालं की मला काहीच धरता येत नाही. वरच्यातलं कुठून सुरू करू? वय ४६, घाई नाही.

गडद_निळा (पुणे)

स्वागत! ऑपेरा गाणारी ती मरीना व्हिओती, आणि इमारत म्हणजे कॉन्सिएर्जरी, जिथे मारी आंत्वानेतला कैदेत ठेवलं होतं. तिथे तिचंच मुंडकं हातात घेतलेल्या बाया उभ्या करून फ्रेंच राज्यक्रांतीचं गाणं मेटलमध्ये वाजवायचं, तेही सगळं जग बघत असताना. आम्ही सगळे त्या रात्री एकमेकांना फोन करत होतो.

तुमच्यासाठी क्रम असा. पहिलं प्रीस्टचं 'क्राउन ऑफ हॉर्न्स', ग्रोल अजिबात नाही, आवाज स्वच्छ, आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्या कानाला हॅलफर्डचा गळा काय आहे ते आमच्यापेक्षा लवकर कळेल. ते आवडलं तर 'इन्व्हिन्सिबल शील्ड' पूर्ण. मग गोजिराचा 'मॅग्मा', २०१६ चा आहे, ग्रोल आहेत पण गाणी छोटी आणि मोकळी, आणि बँडमधल्या दोघा भावांची आई गेली त्या काळात केलेला अल्बम आहे म्हणून त्यात राग कमी आणि दुःख जास्त आहे. ग्रोल सुरू झाला की शब्द पकडायला जाऊ नका, ड्रम धरा. तालावर लक्ष ठेवलं की तो आवाज आपोआप एक वाद्य म्हणून ऐकू यायला लागतो, माझं तसंच झालं होतं.

त्यानंतर ओपेथ लावा, आणि लावण्याआधी वकीलसाहेबांचा वरचा प्रतिसाद परत वाचा. म्हातारा कोण, मुलं कोण हे माहीत असलं की तो आवाज कुणाचा आहे ते कळतं. हॅमफेर्ड त्याच्यानंतर. ब्लड इन्कँटेशन आणि अल्सरेट सध्या बाजूला ठेवा, दोन-तीन महिन्यांनी या, तेव्हा मिरजकर आणि मी दोघंही इथेच असू. अडलं तर याच धाग्यात विचारा.